सोबत भाकरी की पाव? सोलापुरी न्याहारीची अंडी

न्याहारीला अंडी करायची म्हटले की ऑम्लेट करावे की बुर्जी, असा प्रश्न सर्वांत आधी विचारला जातो. माझ्या मते तो दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न सोबत काय आहे हा. तव्यावरून नुकतीच उतरलेली ज्वारीची भाकरी असेल तर अंडे एका पद्धतीने करावे लागते आणि रात्रीची शिळी भाकरी उरली असेल तर दुसऱ्या. कडक भाकरीला रस्साच हवा, आणि बेकरीतून पाव आणला असेल तर बुर्जीत तेल आणि टोमॅटो जरा सढळ हाताने घालावे लागतात. सोलापूरच्या घरांत या चारही गोष्टी एकाच आठवड्यात ताटात येऊ शकतात, म्हणून खाली दिलेल्या कृती सोबतीच्या पदार्थावरून सांगितल्या आहेत.

अंडी आणणे आणि ठेवणे

सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो आणि दुपारी दुकानाच्या दारात ठेवलेल्या ट्रेवर ऊन येते. अशा दिवसांत माल लवकर संपणाऱ्या आणि ट्रे आत सावलीत ठेवणाऱ्या दुकानातूनच अंडी घ्यावीत व शक्यतो सकाळी घ्यावीत. घरी आणल्यावर ती धुऊ नयेत, कारण कवचावर एक अतिशय पातळ नैसर्गिक थर असतो, तो धुतल्याने निघून जातो आणि कवचाची सूक्ष्म छिद्रे उघडी पडतात. विष्ठा लागलेले अंडे असलेच तर ते वापरण्याच्या वेळी धुवावे. फ्रिजमध्ये दाराच्या कप्प्यात ठेवण्याऐवजी आतल्या फळीवर, निमुळते टोक खाली करून ठेवावीत. दाराची सारखी उघडझाप झाली की तिथले तापमान चढत-उतरत राहते. या पद्धतीने ठेवलेली अंडी तीन आठवडे निर्धास्तपणे वापरता येतात.

अंडे ताजे आहे की नाही हे पाहण्याची पाण्यातली परीक्षा बहुतेकांना ठाऊक असते. ताजे अंडे भांड्याच्या तळाशी आडवे बसते, थोडे जुने तळाशीच पण उभे राहते आणि फार जुने तरंगते. दिवस जातील तसे आतले पाणी कवचाच्या छिद्रांतून उडत जाते आणि बोथट टोकाकडची हवेची पोकळी वाढत जाते, त्यामुळे असे घडते. उभे राहिलेले अंडे टाकून देण्याची गरज नाही, ते उकडायला उत्तम. तरंगणारे मात्र बाजूला काढावे. कोणतीही कृती करताना अंडे आधी वाटीत फोडावे आणि मग भांड्यात घालावे, कारण एक नासके अंडे थेट रश्शात गेले तर सकाळची सगळी मेहनत पाण्यात जाते.

गावरान अंड्याला जास्त पैसे मोजावेत का, याबद्दल घरोघरी वेगवेगळी मते आहेत. कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर ठरतो, त्यावरून पोषणात फरक पडत नाही. बलकाचा गडद रंग कोंबडीने काय खाल्ले यावर अवलंबून असतो. चवीचा फरक हाफ फ्रायमध्ये किंवा उकडलेल्या अंड्यात जाणवतो, झणझणीत रश्शात तो कुणालाच ओळखता येत नाही, म्हणून गावरान अंडी रश्शात घालणे मला उधळपट्टी वाटते. गावरान अंडे आकाराने लहान असते. खालची प्रमाणे ५० ते ५५ ग्रॅमच्या नेहमीच्या अंड्यासाठी आहेत. गावरान घेतल्यास दोनाच्या जागी तीन घ्यावीत.

आच

अंड्याच्या सगळ्या कृतींचे यश आचेवर आहे. पांढरा भाग साधारण ६२ ते ६५ अंश सेल्सिअसला घट्ट होऊ लागतो आणि पिवळा बलक ६५ ते ७० अंशांच्या दरम्यान. म्हणजे पाणी उकळण्याच्या कितीतरी आधीच अंडे शिजलेले असते. त्यापुढे उष्णता देत राहिल्यास आतली प्रथिने आवळत जातात, धरून ठेवलेले पाणी बाहेर टाकतात आणि अंडे रबरासारखे चिवट होते. बुर्जीला सुटलेले पाणी किंवा ऑम्लेटचा चामट कडा दिसला की आच जास्त झाली होती असे समजावे. फोडणी आणि मसाला हवा तितका कडक आचेवर परतावा, अंडे पडण्याच्या आधी मात्र गॅस बारीक करावा. बिडाचा तवा वापरत असाल तर गॅस बारीक करून अर्धा मिनिट थांबावे, कारण बीड उष्णता धरून ठेवते आणि नुसती ज्योत कमी केल्याने तवा लगेच निवत नाही.

गरम भाकरीच्या पोटातले अंडे

ही माझी सर्वांत आवडती कृती आहे आणि तिला हाताची थोडी सवय लागते. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीचे ताजे पीठ असेल तर निम्मे काम तिथेच होते. जुन्या पिठाची भाकरी थापताना चिरते, फुगत नाही, आणि न फुगलेल्या भाकरीत अंडे घालायला जागाच नसते.

एका भाकरीला एक अंडे पुरते. ते वाटीत फोडून त्यात चिमूटभर मीठ, बारीक चिरलेली अर्धी हिरवी मिरची आणि थोडी कोथिंबीर घालून काट्याने हलकेच फेटावे. कांदा घालू नये, त्याच्या वजनाने आणि पाण्याने पापुद्रा फाटतो. भाकरी नेहमीप्रमाणे थापून तव्यावर टाकावी, वरून पाणी फिरवावे, पाणी सुकताच उलटावी, दुसरी बाजू भाजून घ्यावी आणि मग आचेवर टम्म फुगू द्यावी. फुगलेली भाकरी परातीत काढून कडेला सुरीच्या टोकाने चार बोटे रुंद चीर द्यावी. वाफ जोरात बाहेर येते, म्हणून हात बाजूने ठेवावा आणि क्षणभर थांबावे. आता भाकरी डाव्या हाताने किंचित तिरकी धरून चिरेतून अंडे आत ओतावे आणि भाकरी हळूच फिरवत ते सगळीकडे पसरू द्यावे. पूर्ण पापुद्रा उघडण्याचा मोह टाळावा, ज्वारीचा पापुद्रा गव्हाच्या पोळीसारखा लवचीक नसतो आणि ओढला की तुकडाच हातात येतो.

मंद आचेवरच्या तव्यावर अर्धा चमचा तेल सोडून भाकरीची जाड बाजू खाली ठेवावी आणि झाकण घालावे. दोन मिनिटांनी झाकण काढून वरचा पापुद्रा बोटाने दाबून पाहावा. तो खाली चिकटल्यासारखा घट्ट लागला तर अंडे बसले, आत काहीतरी हलल्यासारखे वाटले तर आणखी अर्धे मिनिट द्यावे. मग उलटून पापुद्र्याची बाजू थोडीच, तीस सेकंद शेकावी. चिरेतून थोडे अंडे बाहेर येऊन तव्यावर कुरकुरीत होतेच. ते आमच्याकडे मुले आधी पळवतात.

शेंगा चटणी कधी घालावी

सोलापूरची शेंगा चटणी अंड्यासोबत खावी यात दुमत नाही, परंतु ती अंड्याबरोबर तव्यावर शिजवण्याची चूक बाहेरगावचे लोक हमखास करतात. भाजलेले शेंगदाणे, लसूण, लाल तिखट, जिरे आणि मीठ हे सगळे उखळात तेल सुटेपर्यंत कुटलेले असते. म्हणजे तिच्यातील दाणे आधीच भाजून झालेले आहेत आणि तिखट अगदी बारीक आहे. तापलेल्या तव्यावर पडताच तिखट करपते, लसूण कडवट होतो आणि घरभर ठसका उठतो. चटणी नेहमी शेवटी घालावी.

भाकरीतल्या अंड्यावर ती तेलात किंवा लोण्यात कालवून, भाकरी खाली उतरवल्यावर वरून फासावी. ऑम्लेटच्या बाबतीत वरची बाजू ओलसर असताना एक चमचा चटणी भुरभुरावी, ऑम्लेट दुमडावे आणि लगेच उतरवावे. आतल्या वाफेवर ती मऊ होते आणि करपत नाही. उकडलेल्या अंड्यासाठी दोन चमचे चटणी चार चमचे घट्ट दह्यात कालवावी आणि अंड्याच्या फोडी त्यात बुडवून खाव्यात. मिक्सरमध्ये केलेली कोरडी, भुकटीसारखी चटणी दह्यात चालते, भाकरीवर मात्र ती बसत नाही, गळून पडते.

शिळ्या भाकरीचा कुस्करा, अंडे घालून

दोन शिळ्या भाकऱ्या हाताने कुस्कराव्यात, फार बारीक करू नयेत, हरभऱ्याच्या डाळीएवढे तुकडे राहू द्यावेत. त्यांवर चार चमचे ताक शिंपडून दहा मिनिटे झाकून ठेवावे. कढईत दोन चमचे तेलाची मोहरी, जिरे, कढीपत्ता आणि हळद घालून फोडणी करावी, त्यात एक मोठा चिरलेला कांदा आणि दोन हिरव्या मिरच्या परताव्यात. कांदा मऊ झाला की तो कढईच्या एका बाजूला सारावा, गॅस बारीक करावा आणि मोकळ्या जागेत दोन अंडी फोडून घालावीत. ती अर्धवट बसेपर्यंत उलथण्याने मोठे मोठे गोळे होतील असे हलवावे आणि त्यानंतरच मीठ लावलेला कुस्करा घालून सगळे एकत्र करावे. हा क्रम पाळणे आवश्यक आहे. कच्चे अंडे भाकरीवर ओतले तर भाकरी ते पिऊन घेते आणि शेवटी ना अंडे दिसते ना कुस्करा मोकळा होतो. झाकण घालून दोन मिनिटे वाफ द्यावी, वर कोथिंबीर आणि लिंबू.

पावासोबत बुर्जी

गाडीवरची बुर्जी घरी का जमत नाही, याची दोन कारणे आहेत: कांदा आणि उलथणे. गाडीवाला कांदा अगदी बारीक चिरतो आणि अंडे पडल्यापासून उतरेपर्यंत उलथण्याच्या धारेने तव्यावर सारखे टकटक करत ते कापत राहतो, त्यामुळे अंड्याचा कण कांद्याएवढाच होतो आणि मसाला प्रत्येक कणाला लागतो. घरी आपण भाजीचा कांदा चिरतो आणि चमच्याने ढवळतो.

चार अंड्यांना दोन मध्यम कांदे, एक पिकलेला टोमॅटो, तीन हिरव्या मिरच्या आणि तीन चमचे तेल घ्यावे. कांद्याची मोठी बाजारपेठ असलेल्या या गावात कांदा कमी घालण्याचे कारण नसावे, पण भाव चढले की गाडीवरच्या बुर्जीतही कोबी दिसू लागतो. घरी तसे करू नये, कोबीला पाणी सुटते. तेलात कांदा गुलाबी होईपर्यंत परतावा, मिरची आणि टोमॅटो घालून टोमॅटो पूर्ण विरघळेपर्यंत व कडेने तेल सुटेपर्यंत थांबावे. इथे घाई केली तर टोमॅटोचे पाणी अंड्यात उतरते. हळद, एक चमचा लाल तिखट आणि मीठ घालून अर्धे मिनिट परतावे, गॅस बारीक करावा आणि अंडी वाटीत फोडून, न फेटता मसाल्यावर घालावीत. वीस-तीस सेकंद हात लावू नये. पांढरा भाग कडेने दुधाळ दिसू लागला की उलथण्याने खरवडत आणि कापत हलवावे. बुर्जी अजून किंचित ओलसर, चकाकती दिसत असतानाच गॅस बंद करावा, कारण तव्याच्या उष्णतेवर ती पुढचे मिनिटभर शिजतच राहते.

पाव मधोमध उघडून, बुर्जी काढल्यानंतरच्या मसाला लागलेल्या तव्यावर थोडे लोणी घालून पालथा घालावा. तव्याला चिकटलेला मसाला पावाला लागतो, वाया जात नाही. बुर्जी भाकरीसोबत खायची असेल तर टोमॅटो निम्मा करावा आणि तेल एका चमच्याने कमी करावे.

कडक भाकरी आणि फोडून सोडलेल्या अंड्यांचा रस्सा

हा रविवारचा प्रकार आहे, कारण याला पाऊण तास लागतो आणि खाल्ल्यानंतर दुपारचे जेवण पुढे ढकलावे लागते. कडक भाकरी दुकानात पाकिटात मिळते आणि ती कित्येक दिवस टिकते.

चार अंड्यांसाठी दोन कांदे उभे चिरून, पाव वाटी सुक्या खोबऱ्याचा कीस, सहा-सात लसूण पाकळ्या, बोटाच्या पेराएवढे आले आणि एक चमचा तीळ असे वेगवेगळे भाजून घ्यावे. खोबरे तांबूस व्हावे, काळे होऊ देऊ नये. सगळे थोड्या पाण्यात बारीक वाटावे. पातेल्यात तीन चमचे तेलावर हे वाटण मध्यम आचेवर परतत राहावे. सुरुवातीला ते उडते, मग गोळा होते, आणि शेवटी त्याच्या कडेने तेल दिसू लागते; त्या वेळी दोन चमचे काळा मसाला, एक चमचा तिखट आणि हळद घालावी. दोन चमचे शेंगदाण्याचा कूट आणि चार वाट्या कढत पाणी ओतावे. थंड पाणी घातले तर वर तर्री येत नाही. मीठ घालून दहा मिनिटे उकळू द्यावे.

आता अंडी. उकडून सोललेली घातली तरी चालतात, पण रश्शात थेट फोडून सोडलेल्या अंड्याची गोडी निराळी, कारण पांढरा भाग शिजता शिजता मसाला धरून ठेवतो. गॅस इतका बारीक करावा की रश्शावर एखाद-दुसरा बुडबुडा येईल. खळखळत्या रश्शात पांढऱ्याच्या चिंध्या होतात. एकेक अंडे वाटीत फोडून, वाटी रश्शाच्या पृष्ठभागाला टेकवून, वेगवेगळ्या जागी हलकेच सोडावे. चमचा लावू नये. झाकण घालून सहा मिनिटे ठेवावे, बलक पूर्ण घट्ट हवा असेल तर नऊ. रस्सा हलवायचा झाल्यास पातेलेच कडेला धरून गोल फिरवावे.

ताटात कडक भाकरीचे तुकडे मोडून वर रस्सा घालावा आणि मिनिटभर थांबावे, म्हणजे कडा कुरकुरीत राहतात आणि मधला भाग मऊ होतो. सोबत बुक्कीने फोडलेला कांदा आणि लिंबू. शहराच्या पूर्व भागात, विणकरांच्या तेलुगूभाषक घरांत, चिंचेच्या कोळातील आंबट रश्शात अंडी करतात. त्या रश्शाला कडक भाकरीपेक्षा भात बरा.

उकडलेली अंडी, कमी पाण्यात

पाणी साठवून वापरावे लागणाऱ्या घरात अंडी बुडतील इतके पाणी उकळण्याची गरज नाही. पातेल्यात दोन बोटे पाणी उकळावे, अंडी चमच्याने हलकेच आत ठेवावीत आणि घट्ट झाकण घालून वाफेवर शिजवावीत. फ्रिजमधली अंडी थेट वाफेत गेल्यास तडकण्याचा संभव असतो, म्हणून ती आधी पाच मिनिटे साध्या पाण्यात ठेवावीत. सात मिनिटांत बलक मऊ राहतो, बारा मिनिटांत पूर्ण घट्ट होतो. सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंचीवर असल्याने इथे पाणी १०० अंशांच्या दीडेक अंश आधीच उकळते. समुद्रकाठच्या मुंबईत ठरवलेल्या वेळेत अर्धे मिनिट मिळवले की हिशोब जुळतो.

शिजल्यावर अंडी लगेच थंड करावीत. तसे न केल्यास ती आतून शिजतच राहतात आणि बलकातले लोह व पांढऱ्यातला गंधक यांच्या संयोगाने बलकाभोवती हिरवट कडे येते. उन्हाळ्यात मात्र गच्चीवरच्या टाकीचे पाणी नळातूनच गरम येते, त्यात अंडी निवत नाहीत, तेव्हा माठातले पाणी घ्यावे. नुकतेच घातलेले ताजे अंडे सोलताना कवचासोबत पांढरा भागही निघतो, आठवडाभर जुने मात्र सहज सोलले जाते, म्हणून पाण्यात उभे राहणारे अंडे उकडायला राखून ठेवावे असे वर म्हटले आहे.

ऑम्लेट आणि हाफ फ्रायबद्दल थोडेच सांगण्यासारखे आहे. ऑम्लेटच्या मिश्रणात कांदा आणि मीठ तव्यावर ओतण्याच्या अगदी आधी घालावे, आधी घालून ठेवल्यास मिठाने कांद्याचे पाणी सुटते. हाफ फ्रायला ताजेच अंडे घ्यावे, तेल मध्यम तापवावे आणि झाकणावर थोडे पाणी शिंपडून झाकावे, म्हणजे उलटण्याची गरज पडत नाही. लहान मुले, गर्भवती स्त्रिया आणि वयोवृद्ध यांना कच्चट बलक देऊ नये.

भांडी आणि वास

घरात काहींना अंडे चालते आणि काहींना चालत नाही, सोमवारी कुणालाच चालत नाही, अशी घरे इथे पुष्कळ आहेत. अंड्याचा तवा, उलथणे आणि झाकण वेगळे ठेवल्यास वाद उरत नाही. अंड्याची भांडी आधी गार पाण्याने धुवावीत, गरम पाण्याने धुतल्यास चिकटलेले अंडे तिथेच शिजते आणि वास धरून बसतो. त्यानंतर कोरडे बेसन किंवा लिंबाची साल चोळून साबणाने घासावे. बिडाचा तवा साबणात भिजत ठेवू नये. धुऊन लगेच आचेवर कोरडा करावा आणि पुसटसा तेलाचा हात फिरवून ठेवावा, पुढच्या वेळी ऑम्लेट त्याला चिकटत नाही.